लाईट बघून सराव

गुरुवार, संध्याकाळ

झाला एकदाचा निरोप समारंभ. शाल, नारळ, भाषणं. प्राचार्यांनी भाषणात मला चक्क कबड्डीचा कोच करून टाकलं! जन्म गेला माझा या कॉलेजात फुटबॉल शिकवण्यात. सकाळी मैदान आखताना पँटवर पडलेली फक्की तशीच होती, तीही दिसली नाही का? असो, फक्की कबड्डीलाही लागते म्हणा.

त्याचं एवढं नाही. डाचतंय ते वेगळंच. नव्या सरांनी आल्या आल्या सराव रोज सकाळी सहाला लावलाय. मी आजवर शेतीपंपांची लाईट कधी येते ते बघूनच सराव ठेवला. ज्या आठवड्यात लाईट रात्रीची, त्या आठवड्यात अंथुर्ण्याची, निरवांगीची पोरं उजाडेपर्यंत उसाला पाणी देतात. ती सकाळी काय धावणार? मग सराव संध्याकाळी. हे त्यांना सांगावं का? म्हणतील, म्हातारा रिटायर झाला तरी सुटत नाही.

ही म्हणाली, "तुमी आता त्यात पडू नका."

नाही पडलो. पँटची फक्की झटकत पायरीवर बसलो, तेवढ्यात नव्या सरांचाच फोन.

"सर, पोरं म्हणतात लाईट बघून वेळ ठरवा. या आठवड्यात कधीची आहे?"

"रात्रीची," म्हणालो. फोन ठेवला आणि डोळे चोळत बसलो.

ही दारातून बघत होती. म्हणाली, "काय वो, डोळ्यात फक्की गेली व्हय?"