दादाची दाढ

मंगळवार, संध्याकाळ. अंबरनाथ पूर्व

डोकं तापलंय. स्किझोफ्रेनिया आहे म्हणून दादाचं प्रत्येक दुखणं भासच असतं का? कित्येक महिने तो दाढ दुखते म्हणत होता. आईचं एकच उत्तर, "गोळी घेतलीस ना?" कोथिंबीर आणायला विसरला की बाबा म्हणायचे, "नाटकं आहेत सगळी."

आज रक्ताच्या रिपोर्टमध्ये शरीरात कुठेतरी सूज असल्याचं दिसलं, म्हणून मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंनी त्याला तोंड उघडायला सांगितलं. हिरडीत पू. म्हणाल्या, अशा सुजेने या आजारात लक्ष आणि स्मरणशक्ती आणखी मंदावू शकते. घरात एकालाही टॉर्च मारून बघता आलं नाही?

बाहेर पडताना बाबा त्यालाच म्हणाले, "आधी का नाही बोललास?"

कोथिंबीर विसरणारा दादा शांतपणे म्हणाला, "रोज सांगत होतो."