सातव्या ओळीतलं दुकान

४ मार्च

ती. मामांना,
शि. सा. न. वि. वि.

कंपनीचं पत्र एव्हाना तुमच्या हाती पडलं असेल. परदेशातली अकराही दुकानं विकली. मामा, मला हे डिसेंबरपासून ठाऊक होतं. दुकानांची यादी इथे मुख्य कचेरीत मीच टाइप केली. सातव्या ओळीत तुमचं दुकान. बाहेर बोललात तर नोकरी गेली समजा, असं साहेबांनी बजावलं होतं. नंतर तुम्हाला दोन पत्रं लिहिली, पण आईच्या गुडघ्यांपलीकडे काही लिहवेना.

सात वर्षांची असताना सुट्टीत तुमच्याकडे आले होते, ते सारखं आठवतं. ओव्हरकोटांच्या रांगेत लपता लपता मला झोप लागली आणि तुम्ही भोंग्यावरून पुकारा केलात की एक भाची हरवली आहे, पुढचे दोन दात नाहीत, सापडल्यास टोप्यांच्या काउंटरवर जमा करावी. सगळं दुकान हसत होतं.

रागवा, पण अबोला धरू नका. लोभ मागायचा हक्क अजून उरला असेल तर,

तुमची भिंगरी

२२ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

अबोला धरलाच होता, चांगला आठ दिवस. लोकरीच्या विभागातल्या बाईंना जानेवारीत दुसरीकडे नोकरी मिळत होती. माझ्या शब्दावर त्या थांबल्या. बावीस वर्षं माझ्यासोबत काम केलेली बाई! बातमी कळल्यावरही त्या रोजच्यासारख्या लोकरीच्या गुंड्या मांडत राहिल्या, तेच जास्त लागलं. तेव्हा तुझा फार राग आला.

मग नव्या मालकांचा माणूस आला. दुकान चालू राहील, पण चौदा जणांतले नऊच ठेवणार. त्या नऊ जणांची नावं मी द्यायची आणि तोवर कुठे वाच्यता करायची नाही. ती यादी चार दिवस माझ्या खिशात होती. बाई चहा घेऊन आल्या, काय विशेष म्हणाल्या, आणि मी थंडीवर बोलत बसलो. तिथेच तुझ्यावरचा राग उतरला.

यादीत पहिलं नाव माझं होतं. ते खोडून बाईंचं घातलं. एकतीस वर्षं टोप्या आणि कोट विकले, आता पुरे. मे महिन्यात कायमचा येतोय. तुझ्या आईला मात्र मला काढून टाकलं असंच सांग. आपणहून सोडली म्हटलं तर जन्मभर ऐकवेल.

जीव लावतेस तसाच लावत राहा,

मामा

६ एप्रिल

ती. मामांना,
शि. सा. न.

घोटाळा झाला. तुमची पत्रं मी आईला मोठ्यानं वाचून दाखवते, हे विसरलात ना? मी भरभर वाचत गेले आणि ती शेवटची ओळही वाचून मोकळी झाले.

आई ओरडली नाही. चष्मा पुसत म्हणाली, हा लहानपणीही असाच होता, आपली जागा दुसऱ्याला देऊन उभा राहायचा. मग उठून मागच्या खोलीत गेली. बारा वर्षं तिथे नुसतं सामान कोंबलंय. आत्ता खुर्च्या सरकवल्याचे आवाज येताहेत. मला आत येऊ देत नाहीये.

पलंग खिडकीशी हवा की भिंतीशी, तेवढं उलट टपाली कळवा. ती काही मे महिन्यापर्यंत थांबणार नाही.

तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,

भिंगरी