पालथा हात

३ एप्रिल, सकाळ
प्लास्टर निघालं. स्कूटरवरून कुत्र्याला वाचवताना मनगट मोडलं होतं. (आमच्या मंडळींचं, म्हणजे निशाचं, म्हणणं असं की कुत्रं रस्त्याच्या पल्याड निजलं होतं. असो.) उजवा हात उताणाच राहतोय, तळवा आभाळाकडं. फिजिओथेरपीच्या स्वप्नाली मॅडम म्हणाल्या, सर, तुमचं प्रोनेशन गेलंय. म्हणजे हात आत वळवून तळवा खाली करणं. लाटणं धरून रोज व्यायाम करा, महिन्यात येईल. साक्षीचं लग्न चार मेला. पाठवणीला लेकीच्या डोक्यावर हात ठेवायचा तो उजवाच. डावा ठेवणारा बाप मी नव्हे. व्यायामासाठी नवं लाटणं आणलं. उद्यापासून सुरू.

४ एप्रिल
सुरू नाही. मुरगूडच्या हायस्कुलात आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. शब्द न समजता कृती म्हणजे घोकंपट्टी. आधी मूळ शोधणार.

९ एप्रिल
सापडलं! लॅटिन 'प्रोनस'. पुढं वाकलेला, पालथा. त्याच्या उलट 'सुपायनस', उताणा. म्हणजे निम्मं काम झालं. मॅडमना फोन केला. म्हणाल्या, छान सर, पण हात किती वळला? वैद्यकीय शिक्षणात खोली राहिलेली नाही.

१४ एप्रिल
जयंती. व्यायामाला सुट्टी. मंडळानं दोन शब्द बोलायला सांगितलं. मी एकाच शब्दावर बोललो, प्रोनेशन. मध्येच पोरांनी डॉल्बी लावला. वेळेचं नियोजन नाही.

१९ एप्रिल, संध्याकाळ
रंकाळ्यावर चिंतन करत उभा होतो. एका अनोळखी बाईनं उताण्या हातावर मूठभर भडंग ठेवलं. वर म्हणाली, खावा पावणं, लाजू नगासा. उभ्या जन्मात कुणापुढं हात पसरला नाही मी! अपमान गिळला. भडंगही गिळलं. तिखट बरं होतं.

२६ एप्रिल
लग्नाच्या गडबडीत मनाला शांतता नाही, शांततेशिवाय व्यायाम नाही. निशा ओरडली, तुमास्नी सांगणं म्हंजे पालथ्या घड्यावर पाणी! बाईला लॅटिन येत नाही, पण शब्द नेमका वापरला, पालथा. कौतुक केलं. पाय आपटत निघून गेली.

३ मे, दुपार
लाटणं धरलं. दोनदा वळवलं. कळ आली. ठेवलं. काळजी नाही. उद्या लेक समोर वाकली की हात आपसूक वळेल. भावनेत ताकद असते.

४ मे
त्रिशरण, फुलं, जेवण, सगळं नीट झालं. पाठवणीला साक्षी पाया पडली आणि तशीच वाकून थांबली. मी हात पुढं केला. वळेना. खांदा उचलला, कंबर तिरकी केली, तरी तळवा वरच. म्हणाली, ठेवा की पप्पा. डावा पुढं करावा इतकंही सुचलं नाही. शेवटी निशानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. आमचे व्याही धोंडीराम सज्जन माणूस. माझा पसरलेला हात बघून त्यांनी त्यावर विडा ठेवला. लोक हसले. गाडी गेली. मी मंडपामागं जाऊन रडलो.

५ मे, सकाळ
आज खरोखर व्यायामाला बसलो. पोर आठ दिवसांनी माहेरी येणार, तोवर हात वळलाच पाहिजे. लाटणं सापडेना. निशाला विचारलं. म्हणाली, साक्षीच्या संसाराच्या भांड्यांत दिलं की. नवंच व्हतं, कुणी हात कुटं लावलाय त्येला?