व्हॉलीबॉलचा खांब गच्चीवर

रविवार, ८ फेब्रु. ८७

खांब अखेर उभे राहिले. मैदानात नाही, शाळेच्या गच्चीवर. क्रीडा अनुदानातून आलेले व्हॉलीबॉलचे दोन लोखंडी खांब, माझ्या सहीनं उतरवून घेतलेले. सरपंचांनी पूर्णेला नेऊन एकाला एक वेल्डिंग करून आणले. टोकाला टीव्हीचा अँटेना. सरकारनं गावासाठी दिलेला सेट दोन महिने सातवीच्या वर्गात नुसत्या मुंग्या दाखवत होता. बांबू लावून झाले, पिंपळावर चढून झालं. आज चित्र असं स्वच्छ आलं की बायांनी सेटला हळदकुंकू लावलं. सकाळची देवाची मालिका गावानं पहिल्यांदा धड बघितली. टाळ्या पडल्या. मी पण वाजवल्या.

मु.अ. म्हणाले, "महिनाभर राहू द्या, पी.टी. सर. मग उतरवू."

पोरी विचारायला लागल्या, जाळी कशाला बांधायची. एक टोक लिंबाला बांधा म्हणालो. दुसऱ्याचं बघू.

बुध. ११ फेब्रु.

मु.अ.नी अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र पुढं सरकवलं. "खांब मैदानावर बसवले असून वापरात आहेत." वापरात आहेत हे तर खरंच. सही केली. कायम व्हायला अजून एक वर्ष आहे, मु.अ.ला नाही कसं म्हणणार.

घरी आल्यापासून करमत नाही. सौ.ला सांगितलं. म्हणाली, "सही करताना हात कापला न्हाई, आता कामून कापायलाय?" तिचं बरंय. दुकानदाराच्या घरात वाढली, कुणाला भीत नाही. मीही दुकानदाराचाच पोरगा, पण मी गल्ल्यावर कधी बसलोच नाही, मागं पोत्यांत लपून बसायचो.

रवि. १५ फेब्रु.

मालिकेला सगळे आंघोळी करून येतात. चपला बाहेर, सेटपुढं उदबत्ती, नारळ. रविवारी सातवीचा वर्ग देऊळच होतो. बौद्धवाड्यातली माणसं मग आपोआप बाहेर, खिडक्यांपाशी, पोती अंथरून. कुणी बाहेर बसा म्हणालं नाही, कुणी आत या पण म्हणालं नाही. कागदावर सेट सगळ्या गावाचा आहे.

शाळेत पाणी भरणारी कौसाबाई तिथंच असते. मी हळूच म्हणालो, बाई आत बसा की. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या सर. इथं वारा लागतो." नामांतराच्या दंगलीत तिचं घर जळालं होतं. गावात सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. मी दुसऱ्यांदा म्हणालो नाही.

शुक्र. २० फेब्रु.

दुपारी खो-खोच्या रेषांना फक्की मारत होतो. खांबाची सावली मैदानात पडलेली. शेतातल्या मोटारींच्या विजेच्या लाईनची सावली पण. खांबाची सावली त्या तारांच्या सावलीपल्याड गेलेली.

फक्कीचं घमेलं तिथंच टाकून टेप घेऊन गच्चीवर गेलो. खांब बावीस फूट. बुडापासून तारा वीसच्या आत. त्या अंगाला आडवा झाला तर थेट तारांवर. आणि तारांच्या खाली खिडक्यांची बाजू. पोती अंथरतात ती.

मु.अ.ना सांगितलं. "तीन बाजूंनी तारेचे ताण दिलेत की. तुम्ही लय विचार करता. वाटत असेल तर लेखी द्या, पुढं पाठवतो."

लेखी काय देऊ? खांब मैदानावर आहेत असं लेखी देऊन नऊ दिवस झालेत. गच्चीवरचा खांब धोक्याचा आहे असं लिहिलं की आधीची सही खोटी. आणि सही माझी एकट्याची, मु.अ.नी नुसता शिक्का मारलाय.

रवि. १ मार्च

मालिकेच्या ऐन वेळी लाईट गेली. गाव शिव्या देत घरी गेलं. मला इतकं हायसं वाटलं की सौ.नं विचारलं, लॉटरी लागली का. तारांत वीज नाही म्हणजे आज कुणी मरणार नाही. असा हिशोब मी करायला लागलोय.

सोम. २ मार्च

सरपंचांकडे गेलो. दुसऱ्या कोपऱ्यात तरी हलवा म्हणालो. "तिकडं चित्र येत न्हाई, बगितलंय." मग उतरवा, मैदानाचे खांब आहेत, पोरी लिंबाला जाळी बांधून खेळायल्यात. सरपंच हसले. पान लावून दिलं. देताना म्हणाले, "मास्तर, तुमी खांबाला हात लावला तर गाव तुमाला हात लावंल. मी अडवणार न्हाई."

पान खाल्लं नाही. खिशातच सुकलं.

मंगळ. ३ मार्च

पत्र आलं. क्रीडा अधिकारी शुक्रवारी १३ तारखेला मैदान बघायला येणार. वाचून तोंडचं पाणी पळालं. मु.अ.चं पण. ते लगेच सरपंचांकडे. तासाभरात तोड निघाली. खांब उतरवायचा नाही. मैदानात दोन बांबू रोवायचे आणि त्यांना चंदेरी रंग मारायचा. लांबून काय कळतंय.

रंग मी मारायचा. पी.टी.चं काम म्हणून.

गुरु. १२ मार्च

मारला. दोन हात दिले. बांबूच्या गाठी काही केल्या लपत नाहीत. पोरींना सांगितलं, उद्या खांबांच्या जवळ जायचं नाही, रंग ओला आहे. त्यातली एक म्हणाली, "सर, बांबूला कामून रंग देता?" मी वर्गात जा म्हणून ओरडलो. इतकं ओरडायची गरज नव्हती.

नखांतला रंग रॉकेलनं पण निघेना. जेवताना सगळं चंदेरी दिसत होतं.

शुक्र. १३ मार्च

साहेब आले साडेअकराला, जीपमधून. टीव्हीवर क्रिकेटची मॅच चालू होती. "वा, इकडं चित्र छान येतं," म्हणाले आणि सातवीच्या वर्गात खुर्चीवर बसले ते बसलेच. चहा, पोहे, परत चहा. मी दारात उभा. शर्ट पाठीला चिकटलेला. दोनदा वाटलं आता उठतील. दोन्ही वेळा नुसते पाय लांब केले. जाताना जीपच्या पायरीवर उभं राहून मैदानाकडे बघितलं. "ते खांब ना? ठीक." वहीत सही केली.

आमच्या डोक्यावर बावीस फूट लोखंड. वर एकदाही बघितलं नाही.

मु.अ.नी माझ्या पाठीवर थाप मारली. सुटलो म्हणाले.

शनि. १४ मार्च

सुटलो कुठं. आता दोन सह्या झाल्या, खांब आहे तिथंच. कालपासून एकच मनात येतंय आणि कुणाला सांगायची लाज वाटते. साहेबांनी पकडावं असं मला वाटत होतं. जीपच्या पायरीवरून ते खाली उतरले असते, बांबूला हात लावला असता, तर माझी नोकरी गेली असती आणि खांब खाली आला असता. माझं मी बोललो असतो तरी चाललं असतं. तोंड होतं की मला.

रवि. २९ मार्च

उन्हं तापायला लागली, दुपारच्या आधीच वारं सुटतं. आज मालिका चालू असताना खांब घुमायला लागला, बाटलीच्या तोंडावर फुंकल्यासारखा. आत कुणाला ऐकू आलं नाही. बाहेरच्यांना आलं. कौसाबाईनं वर बघितलं. मी तिथंच उभा होतो.

"सर, खांब हालायलाय का?"

"नाही," म्हणालो. "वाऱ्याचा आवाज आहे."

"तुमी बगितलं ना वर जाऊन?"

"बघितलंय."

"मग काय फिकर न्हाई," म्हणाली आणि परत खिडकीतून बघायला लागली. मांडीवर नात होती तिच्या, झोपलेली.

कागदावर खोटं लिहिलं तेव्हा असं झालं नव्हतं. घरी येऊन दोनदा अंघोळ केली.

मंगळ. ७ एप्रिल

आज वावटळ आली. शाळा सुटली होती, मी कपाटात चेंडू मोजून ठेवत होतो. वरून फाटकन आवाज. गच्चीवर पळालो. तारांच्या उलट अंगाचा ताण तुटलेला, खांब वीतभर तारांकडे कललेला. मी खांबाला मिठी मारून उभा. वेड्यासारखं. बावीस फूट लोखंड मी काय धरून ठेवणार होतो. पण सोडवेना. मु.अ.नी खालून विचारलं, "काय करताय हो?"

सरपंचांचा भाऊ आला, काथ्याच्या दोरीनं ताण बांधला. काथ्याच्या. म्हणाला, "पुढल्या बाजारी तार आणू."

पुढचा बाजार शनिवारी. त्यानंतर रविवार.

बुध. ८ एप्रिल

सौ.ला सगळं सांगितलं. मोजमाप, तारा, कौसाबाईला काय बोललो ते. वाटलं चिडवेल. चिडवलं नाही. हातातले तांदूळ सुपात टाकले. मग म्हणाली, "नोकरी गेली तर माज्या बापूंच्या दुकानात बसू. पुड्या बांधता येतात ना तुमाला?"

येतात म्हणालो.

"मग लिहा."

गुरु. ९ एप्रिल

लिहिलं. शिक्षणाधिकाऱ्यांना एक, विजेच्या ऑफिसला एक. चारच ओळी. खांब मैदानावर नाहीत, गच्चीवर आहेत. पडले तर विजेच्या तारांवर पडतील. आधीचं प्रमाणपत्र खोटं होतं, सही माझी आहे. ताबडतोब उतरवावेत ही विनंती.

गावातल्या पेटीत टाकलं नाही, पोस्टमन सरपंचांच्या ओट्यावर बसून टपाल लावतो. सायकलनं चुडाव्याला गेलो, स्टेशनापाशी टाकलं. पाकीट आत पडल्यावर परत काढता येतं का म्हणून फटीतून बघितलं. असा मी.

शनि. ११ एप्रिल

बाजार झाला. तार आणली नाही, विसरले म्हणे. दोरी तीच. कुणाचं उत्तर नाही, इतक्यात येणारही नाही. सकाळी मु.अ.ना म्हणालो, उद्या वर्ग उघडत नाही, किल्ली देत नाही. "मग ते कुलूप तोडतील. आणि तुम्हाला पण." हसत म्हणाले, पण हसू खरं नव्हतं.

रवि. १२ एप्रिल

अक्षर माझं मलाच लागेना.

सकाळी वर्ग उघडला. भ्यालो म्हणूनच उघडला. वारं पहाटेपासून. खिडक्यांपाशी पंचवीस-तीस माणसं. परवा चौदा एप्रिल, बौद्धवाड्यात पताका कापायचं काम जोरात, तरी मालिकेला सगळे आलेले. खांब घुमत होता. दोरी कुरकुरत होती, ते मला एकट्याला ऐकू येत होतं.

कौसाबाईच्या शेजारी जाऊन खाली बसलो. म्हणालो, "बाई, त्या दिवशी मी खोटं बोललो. खांब हलतो. पडला तर तारांवर पडेल आणि तारा इथं."

तिनं वर बघितलं. मग माझ्याकडं.

"कवापास्नं ठावं हाय तुमाला?"

"फेब्रुवारीपासून."

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. नातीला काखेत घेतलं, पोतं झटकलं, घडी केली. वाटलं घरी चालली. तर बाकीच्यांना म्हणाली, "उठा. हितं बसायचं न्हाई. चला आत."

आणि गेले. चपला दारात काढून, एकामागं एक. आत पुढच्या बायांनी पदर सावरले, सरकल्या. कौसाबाई मधोमध बसली. सरपंचांच्या भावानं उठून सेट बंद केला. मालिका अर्धीच राहिली. उदबत्तीचा धूर तेवढा चालू.

"लावा की," कौसाबाई म्हणाली. "आमी काय केलं?"

सरपंच माझ्याकडं बघायलेले. "मास्तर, तुमी बोलावलं का यास्नी आत?"

मी बोलावलं नव्हतं. ती आपण होऊन गेली. नाही म्हणालो असतो तर खरंच बोललो असतो आणि सुटलो असतो. चौकट धरली होती.

"हो," म्हणालो. "मीच बोलावलं."

सरपंच उठले. "उद्या बघू," एवढंच म्हणाले. त्यांची माणसं मागोमाग गेली. कौसाबाई आणि बाकीचे बंद सेटपुढं तसेच बसून राहिले, मालिकेची वेळ संपेपर्यंत. मग उठून गेले. मी कुलूप लावलं.

आता दुपार. सौ.नं आतून कडी घातलीय आणि दाराला पाटा लावलाय. बाहेर कुणी जोरात बोललं तरी दोघं गप्प होतो. बौद्धवाड्याकडनं अजून काही आवाज नाही. पत्र पोचायला एक-दोन दिवस तरी लागतील. वारं पडलेलं नाही. इथून खिडकीतून खांब दिसतो, उभा आहे.

किल्ली माझ्याकडे आहे. उन्हाळ्याची शाळा, उद्या सकाळी सातला वर्ग उघडायचाय.