रिकामं मचाण

प्रिय उस्त्या,

गेल्या वर्षी तू भांडून कामचाटकाच्या किनाऱ्यावरच्या कारखान्यात मासे डब्यात भरायला गेलीस, तेव्हापासून आपण दोघी बहिणी गप्प आहोत. आधी मीच बोलते.

सरोवराच्या मुखाशी यंदा सॅमन मासा वेळेवर आला. अस्वलं बघायला येणाऱ्या पाहुण्यांना मचाणावर नेणाऱ्या तुझ्या होड्या माझ्या अहवालामुळे बंद झाल्या, पण त्यात लिहिलेलं खोटं नव्हतं गं. मचाणावर पाहुणे असले की मोठे नर झाडीतच बसून राहायचे, होड्या गेल्यावरच पाण्यात उतरायचे. तू म्हणालीस, "तुझी अस्वलं जेवावीत म्हणून माझी पोरं उपाशी ठेवू?" मी टिपणवही उचलून किनाऱ्यावर निघून गेले.

यंदा किनारा मोकळा. नर भर दुपारी मासे धरत होते. मी खूश होते. मग आपली तांबूस मादी रिझुखा दोन पिल्लं घेऊन आली. मचाणाखालची तिची नेहमीची जागा तुला आठवते ना? तिथे आता नर उभे. ती बराच वेळ रिकाम्या मचाणाकडे बघत राहिली आणि वरच्या उथळ पाण्याकडे वळली. तिथे मासा कुठला? आठवड्यात तिच्या बरगड्या दिसायला लागल्या. शेवटी भुकेने खाली आली, आणि एका नराने एक पिल्लू धरलं. मी पातेलं बडवत धावले, पण उशीर झाला.

माणसांना नर बिचकतात, म्हणूनच ती आपल्या आडोशाला यायची. इतकी वर्षं टिपणं ठेवून हे मला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी मी एकटीच मचाणावर जाऊन बसले. मासे मोजणारा येफिम हसला, "अस्वलांची दाई झालीस की काय, आजी?" तिसऱ्या सकाळी रिझुखा आली. उरलेलं पिल्लू पोट फुटेस्तोवर जेवलं.

पण माझे गुडघे आता ती शिडी चढू देत नाहीत. अभयारण्याच्या कार्यालयाला नवा अहवाल पाठवला आहे: सकाळी तीन तास पाहुणे, एकाच जागी, आवाज न करता; दुपारनंतर किनारा नरांचा. त्यांनी मान्य केलं आणि विचारलं, होड्या कोण चालवणार? तुला न विचारता मी तुझं नाव दिलं. तुझ्या पोटावर पाय आला तेव्हा मी तोंड फिरवलं, त्याची माफी या कागदावर मागते. राग गेला नसेल तर रागातच ये, पण पुढच्या जूनच्या आधी ये.

तुझीच,
ग्राफा