टॅब बाकावरच राहिला

२ जुलै
कागदाचा जमाना संपला. ताईने नवा टॅब घेतला आणि जुना मला दिला, सोबत स्टायलस. म्हणाली, "अभ्यासासाठी देतेय. सिनेमे बघताना दिसलास तर काढून घेईन." आजपासून सगळं यातच. नोट्स, आकृत्या, ही रोजनिशीसुद्धा. वह्या रद्दीत टाकून आलो, कोऱ्यांसकट. आई ओरडली. क्रांतीला पहिला विरोध घरातूनच होतो.

३ जुलै, कॉलेजातून आल्यावर
बॉटनीचा तास. नोट्सचं अ‍ॅप अफलातून आहे. आपण लिहीत असताना ते सरांचं बोलणं रेकॉर्ड करत बसतं. म्हणजे आपण ऐकायची गरजच नाही. शांतपणे शीर्षक काढलं. 'मूळ' हा एकच शब्द, हिरव्याच्या जमतील तेवढ्या छटांत, खाली सावली. सर मुळावरून खोडावर गेले, खोडावरून पानावर गेले, तास संपला. मी मुळावर ठाम.
शेजारी ढापण्या जाडजूड वहीत बॉलपेनने खरडत होता. चष्म्याच्या काचेवरही शाई. कीव आली.

९ जुलै
तिचा हात मोडला! वाईट झालं. (बरं झालं, असं अजिबात म्हणत नाही.) सायकलवरून पडली, उजवं मनगट प्लास्टरमध्ये, सहा आठवडे. ती म्हणजे तिसऱ्या बाकावरची. नाव लिहिणार नाही, टॅब हॅक होऊ शकतो. सरांनी वर्गात विचारलं, हिला नोट्स कोण देईल? त्यांचं वाक्य संपायच्या आत माझा हात वर. ती वळून म्हणाली, "थँक्स रे." नुसतं थँक्स नाही. रे.
संकल्प: तिचा उजवा हात व्हायचं. परीक्षेपर्यंत नोट्स द्यायच्या, परीक्षा झाली की मनातलं सांगायचं.

१५ जुलै
नोट्स पाठवल्या. एक पान. प्रश्न दर्जाचा असतो. लगेच उत्तर आलं, "रंग किती छान!" दुपारचं जेवण गेलं नाही. मग विचारलं, "पुढची पानं कधी?" कळवलं, सिंक होतंय.

२२ जुलै
टॅबवर दोन बोटांनी टिचकी मारली की शेवटची रेघ पुसली जाते. इतकी सवय झालीय की आज दाढी करताना गाल कापला, तर आरशावर दोन बोटं मारली.
खोडाचा छेद काढायला घेतलाय. झूम केलं की पेशी, आणखी झूम केलं की पेशीच्या आत जागाच जागा. एका पेशीत तिच्या नावाचं पहिलं अक्षर लिहिलं. साध्या डोळ्यांना दिसणार नाही. शोधेल. प्रेम असेल तर सापडेल.
हल्ली कँटीनमध्ये ती ढापण्याशी बोलत असते. मनाने हळवी आहे, कुणालाही जवळ करते.

५ ऑगस्ट
कॉलेज सोडलं.
जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. सर बाकापाशी आले, म्हणाले, दाखव बघू आतापर्यंतचं. दाखवलं. म्हणाले, एक मूळ, अर्धं खोड. बाकीचं? म्हटलं, सर, सिंक होतंय. वर्ग फिदीफिदी. आणि मग सरांनी भर वर्गात, तिच्यादेखत, मला "चालता हो" म्हटलं. माझ्या टॅबला खेळणं म्हटलं. मीही सोडलं नाही. म्हटलं, तुमच्या खडूच्या धुळीत आमचं भविष्य गुदमरतंय! (हे वाक्य जिन्यात सुचलं. पण सूर वर्गातही हाच होता.) दार आपटून बाहेर. परत फिरणे नाही.
टॅब बाकावरच ठेवला. मुद्दाम. संध्याकाळी ढापण्या घरी आणून देऊन गेला. म्हणाला, "तुझं नाटक संपलं तरी याचं रेकॉर्डिंग चालूच होतं. मी बंद केलं." म्हटलं, नाटक नाही, ठिणगी होती ती. म्हणाला, "बरं बाबा, ठिणगी. बॅटरी मेलीय तिची, चार्जिंगला लाव."

६ ऑगस्ट
आजपासून स्वयंअध्ययन. मास्तर नको, घंटा नको. वेळापत्रक तयार केलं, प्रत्येक विषयाला वेगळा रंग. जांभळ्याची योग्य छटा सापडेपर्यंत संध्याकाळ झाली. थकवा. पण समाधान.

१२ ऑगस्ट
प्राचार्यांचा बाबांना फोन. सोमवारी येऊन सरांची माफी मागायची, नाहीतर नाव कमी. बाबा म्हणाले, "माग आणि मोकळा हो." आई म्हणाली, "दोन शब्द बोललास तर तोंड झिजणार आहे का?"
माफी? मी? माझ्याकडे पुरावा आहे. त्या दिवसाचं अख्खं रेकॉर्डिंग. सोमवारी माफी मागतील ते सर. ताईने विचारलं, "आधी तू ऐकलंस का ते?" ऐकायचं काय? मी स्वतः तिथे होतो.
तिला मेसेज केला, "सोमवारी सत्य बाहेर येईल." उत्तर आलं, "बरा आहेस ना?" काळजी करते.

१७ ऑगस्ट, सकाळ
सोमवार. इस्त्रीचा शर्ट. टॅब फुल चार्ज. आवाज पूर्ण वर.

१७ ऑगस्ट, दुपार
थोडक्यात. खोलीत प्राचार्य, सर, बाबा, मी. टॅब टेबलाच्या मधोमध.
आवाज पूर्ण वर ठेवायला नको होता. सुरुवातीलाच माझी कुजबुज. "ढापण्या, ती बघतेय का? मान वळवू नकोस, नुसतं सांग." "फळ्याकडे बघतेय रे." बाबा छताकडे बघायला लागले.
मग सर. सरांचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये उगाच गोड येतो. माइकचा दोष. "रंगकाम झकास आहे. आता ते बंद कर आणि वहीत काढ. बस खाली." मग माझा आरडाओरडा. मग पुन्हा सर, "बस रे बाळा." 'चालता हो' कुठे येईना. मागे नेलं, पुढे नेलं. नाही. मग दार आपटल्याचा आवाज.
इथे थांबवायला हवं होतं. घाईत दोन बोटं मारली. रेकॉर्डिंग चालूच राहिलं, खोडाची एक रेघ गेली.
पुढे सर वर्गाला म्हणतात, "येईल परत. खेळणं इथेच राहिलंय त्याचं." बघा, खेळणं म्हटलंच! मी बाहेर पडल्यावर म्हटलं ही गोष्ट वेगळी. मला आधीच ऐकू आलं होतं. वर्ग हसला. मग सर, "आणि हिच्या नोट्सचं आता काय?" मग तिचा आवाज, अगदी स्वच्छ. "सर, नोट्स मी पहिल्यापासून त्याच्या शेजारच्याच्या वहीतूनच घेते. याच्या नुसत्या बघते. वाईट वाटेल म्हणून कधी बोलले नाही."
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
प्राचार्यांनी कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं. दोन ओळी लिही, विषय संपव. सरही म्हणाले, "लिही रे, पुढचा तास आहे माझा." दया! मी म्हटलं, मी कागदावर लिहीत नाही. आणि निघालो. दार आपटलं.
या वेळी टॅब बाबांनी उचलला.

१९ ऑगस्ट
टॅब ताईकडे परत गेला. नाव कमी झालं. ही नोंद मामाच्या दुकानातल्या फुकट गेलेल्या झेरॉक्सच्या मागच्या बाजूवर. कागदाशी तडजोड नाही, तात्पुरती सोय आहे.
मामाचं झेरॉक्सचं दुकान कॉलेजच्या फाटकासमोरच. बाबा म्हणाले, घरात पाय आपटण्यापेक्षा तिथे उभा राहा. मामा म्हणाला, "ये भाच्या. कागद या खणात, कळ ही हिरवी. बाकी तुला काय सांगायचं, तू टेक्नॉलॉजीवाला." टोमणे मारतो. मी बघून घेईन. वर्षभरात हे दुकान पेपरलेस करतो.

३१ ऑगस्ट
ती आली. प्लास्टर निघालंय. मनगट काडीसारखं झालंय. काउंटरवर ढापण्याची वही ठेवली, म्हणाली, "सगळ्या पानांच्या दोन प्रती दे ना रे."
रे अजून आहे. आणि दोन! एक तिची. दुसरी कुणाची, हे काय सांगायला हवं? पण मान ताठ ठेवली. म्हटलं, मला कुणाची मेहेरबानी नकोय, मी माझ्या वाटेने जाईन. ती म्हणाली, "अरे, दुसरी माझ्या मैत्रिणीसाठी. कावीळ झालीय तिला."
कळ दाबली. मशीन चालू असताना ती म्हणाली, "सर विचारत होते." मी सहज विचारल्यासारखं विचारलं, काय? "टॅब कसा आहे म्हणून."
मनातलं सांगायचं होतं. मशीनचा आवाज फार होता.
मूळ, खोड, पान, फूल, फळ. अक्षर भयानक, आकृत्या वेड्यावाकड्या, पण बेट्याने सगळं घेतलंय. पार बियांपर्यंत. मध्ये एक पान तिरकं गेलं, मी काचेवर दोन बोटं मारली. मामा म्हणाला, "काय रे, आत कुणी आहे का?"
ती दोन प्रती घेऊन गेली. ट्रेमध्ये आणखी एक पडली होती. मामाने विचारलं, ही कुणाची? म्हटलं, टोनर तपासत होतो.
स्टेपल मारली. घरी नेतोय. मागची बाजू कोरी आहे, रोजनिशीला होईल.