अर्धवट पाहिलेल्या सिनेमांची वाटणी

मी, खाली सही करणारी, निवृत्त परिचारिका, अख्ख्या गल्लीची ‘सिस्टर’, एका थिएटरच्या डोअरकीपरची विधवा, एका मुलाची आणि एका मुलीची आई, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणाला शंका असेल त्याने आजचे वर्तमानपत्र घेऊन यावे, शब्दकोडे सोडवून दाखवते. कोणी माझ्या मानगुटीवर बसून हे लिहून घेत नाही. वकीलबाई समोर बसल्या आहेत, पण त्या चहा पीत आहेत. शरीराची हमी मात्र मी देत नाही, त्याचे शेवटच्या कलमात येईल.

माझ्याकडे वाटण्यासारखे फार नाही आणि जे आहे त्याची वाटणी सोपी आहे. अवघड गोष्ट एकच आहे. माझी दोन मुले एकमेकांशी बोलत नाहीत. भाऊ येतो तेव्हा बहीण येत नाही आणि बहीण येणार असली की भाऊ आदल्या दिवशी भाजी आणून टाकून जातो. एका घरात मला दोन पाहुणे सांभाळावे लागतात. कायद्याच्या कागदाने हे मिटत नाही हे मला कळते, पण दुसरा कागद माझ्याकडे नाही.

कलम पहिले, घर. माझे राहते घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक खुर्ची मावेल एवढी बाल्कनी, मुलगा व मुलगी यांना समसमान. ठेवावे, भाड्याने द्यावे किंवा विकावे, मला त्याचे काही नाही. विकायचे झाले तर दोघांच्या सह्या एकाच टेबलावर, एकाच वेळी व्हाव्यात. टपालाने कागद फिरवू नयेत. वकीलबाईंनी सुचवले होते की समेट झाला तरच घर मिळेल अशी अट घाला. मी नको म्हटले. अटीपायी आलेला माणूस घड्याळ बघत बसतो.

कलम दुसरे, रोकड. बँकेत जे आहे तेही निम्मे निम्मे. आकडा मुद्दाम लिहीत नाही. आकडे वाचताना नातेवाइकांचे चेहरे कसे बदलतात ते मी नोकरीभर पाहिले आहे.

कलम तिसरे, किरकोळ जिनसा. रक्तदाब मोजायचे यंत्र खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांना द्यावे. ते मिठाबद्दल माझ्याशी धादांत खोटे बोलतात, यंत्राशी त्यांना बोलता येणार नाही. ड्यूटीवर छातीला लावायचे माझे घड्याळ नातीला. मुलाने मला कानाला लावायचे हेडफोन आणून दिले होते, ते समोरच्या घरातल्या कर्ण्याला द्यावेत. त्याचे खरे नाव मला माहीत आहे, पण ज्याचा टीव्ही तीन मजले ऐकतात त्याला मी कर्णाच म्हणणार. माझ्या जाऊबाईंनी एका लग्नाच्या वेळी माझे मोठे पातेले नेले ते परत आले नाही. ते मी या लेखाने त्यांना बक्षीस देते, म्हणजे निदान मी गेल्यावर तरी त्या आमच्या दारावरून मान वर करून जातील. त्याच बाईंनी भरल्या घरात म्हटले होते, “डोअरकीपर म्हणजे काय, अंधारात उभं राहायचा पगार.” हे मात्र मी त्यांना बक्षीस देत नाही. हे माझ्याजवळच राहील.

ह्यांची बॅटरी मुलाला. उशिरा आलेल्या माणसांना ह्यांनी त्या उजेडात त्यांच्या खुर्चीपर्यंत नेले. ती अजून लागते. सेल त्याने स्वतःचे घालावेत.

कलम चौथे, वर्गण्या. एक गाण्यांची आणि एक सिनेमांची. वकीलबाई म्हणतात की ही मालमत्ता होत नाही, मृत्युपत्रात येत नाही. मी विचारले, पैसे माझ्या पेन्शनमधून जातात, मग ही मालमत्ता काय जाऊबाईंची? त्यावर त्यांनी लिहा म्हटले.

हे गेल्यावर मुलाने भिंतीवर मोठा टीव्ही लावून दिला आणि दोन्ही वर्गण्या सुरू करून दिल्या. आईचा वेळ जावा म्हणून. वेळ तसाही जातोच, पण मुलाचे मन मोडायचे नाही म्हणून मी बटणे शिकले.

गाण्यांची वर्गणी कुटुंबाची आहे, त्यात सहा माणसे ऐकू शकतात. ऐकणारी मी एकटी, तीही भांडी घासताना. बाकीच्या जागा नुसत्या पडून आहेत आणि ज्यांना हवे आहे ती माणसे माझ्या जुन्या वॉर्डात पडून आहेत. ती दिवसभर छताकडे बघतात. छतावर बघण्यासारखे काही नाही, मी स्वतः तपासले आहे. तरी ही वर्गणी माझ्या बचतीतून चालू ठेवून वॉर्डाला द्यावी. सध्याच्या मेट्रनशी बोलणे झाले आहे, तिच्या टेबलावर स्पीकर आहे. गाणे रुग्णाने निवडावे, मेट्रनने नव्हे. तिची आवड मला ठाऊक आहे.

सिनेमांच्या वर्गणीची गोष्ट लांबलचक आहे, पण तिच्याशिवाय हे मृत्युपत्र अपुरे राहील.

मागे एकदा मुलगा टीव्ही चाळत बसला होता. म्हणाला, “आई, एकही सिनेमा तू पूर्ण पाहिलेला नाहीस. सगळे अर्ध्यावर टाकलेत. बंद करून टाकू का? फुकट पैसे जातायत.” त्याचे चुकले नव्हते. पडद्यावर अर्धवट पाहिलेल्या सिनेमांची रांगच्या रांग होती. मी म्हटले, राहू दे. कारण सांगितले नाही. आता सांगते.

आमचे लग्न झाले तेव्हा मला कायमची रात्रपाळी होती आणि ह्यांचा थिएटरमध्ये संध्याकाळचा खेळ. एक घरी आला की दुसरा बाहेर. एकमेकांना बघायचे तर मी हॉस्पिटलला जाताना थिएटरवरून जायचे. डोअरकीपरच्या बायकोला तिकीट नसते. हे मला शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत बसवत आणि स्वतः शेजारी उभे राहत. मध्यंतराला दिवे लागले की मी पिशवी उचलून ड्यूटीवर जायची. उरलेला सिनेमा हे मला सकाळी चहाबरोबर सांगत. मी पेंगत असायची तरी सोडायची नाही. “मग पुढे?” म्हणून पिच्छा पुरवायची. ह्यांनाही सांगायची हौस. नोकरीभर आमचे असेच चालले. इतके सिनेमे पाहिले, पण एकाचाही मध्यंतरानंतरचा भाग डोळ्यांनी पाहिला नाही.

म्हणून ते जुने सिनेमे टीव्हीवर सापडले तेव्हा मी ते आमच्या पद्धतीने पाहू लागले. मध्यंतर आले की बंद करायचे, चहा करायचा आणि पुढची गोष्ट ह्यांनी सांगितली तशी मनाशी म्हणायची. त्यात ह्यांचा आवाज येतो. तो बंद करून दुसऱ्या कोणाचा कशाला ऐकायचा?

एकदा हात साबणाने भरलेले होते आणि मध्यंतर होऊन गेले तरी सिनेमा चालूच राहिला. एका नावाड्याची गोष्ट होती. त्याची मुलगी रागावून शहरात निघून जाते. ह्यांनी मला सांगितले होते की शेवटच्या नावेला ती परत येते, पाण्यात पाय टाकून उतरते आणि बापाच्या हातातले वल्हे घेते. मी पुसलेल्या हातांनी तिथेच उभी राहिले. मुलगी आलीच नाही. म्हातारा वाट पाहून पाहून एका पुरात नावेसकट गेला आणि सिनेमा संपला.

मला वाटले, ह्यांची गल्लत झाली असेल. दुसरा लावला, तोही पुढे पाहिला. त्यातली आजारी शिक्षिका ह्यांच्या सांगण्यात बरी होऊन शाळेत जाते. पडद्यावर तिची खुर्ची रिकामी होती. मग मी वेड लागल्यासारखे पुढचे काही दिवस शेवटच पाहत बसले. जिथे जिथे माणूस मेला होता तिथे तिथे ह्यांनी तो वाचवला होता. विनोदी सिनेमांना हात लावला नव्हता.

आणि मग मला माझेच एक वाक्य आठवले. लग्नानंतरचे पहिले वर्ष असेल. सकाळी घरी येऊन मी चपलाही न काढता विचारले होते, “आज वॉर्डात दोघं गेले. तुमच्या सिनेमातला तरी वाचला का?” हे माझ्यापुढे चहाचा कप ठेवत म्हणाले, “वाचला.” तेवढेच. पुढे जन्मभर ह्या माणसाने तो शब्द पाळला आणि मला पत्ता लागू दिला नाही. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात बसून इतकी रडले की शिंपीकाका मशीन टाकून वर आले.

कलम पाचवे, मुलांसाठी. बाबांचा आजार कळला तेव्हा मुलगी पोटुशी होती आणि तिला डॉक्टरांनी अंथरुणातून उठायला मनाई केली होती. मुलाने ठरवले, बाबांना सांगायचे नाही आणि ताईलाही नाही. मीही त्याला अडवले नाही. तिला तो रोज फोनवर सांगत होता, बाबा सुधारतायत. बाळंत होऊन ती आली तेव्हा भिंतीवर फोटो होता. ती भावाला एवढेच म्हणाली, “माझे बाबा होते रे. तू मला त्यांना भेटू दिलं नाहीस.” त्यानंतर ती त्याच्याशी बोललेली नाही.

मुलीचे दुःख खरे आहे. मी ते कमी करून सांगत नाही. पण तिला एक गोष्ट माहीत नाही, ती या कागदाने कळवते. शेवटच्या आठवड्यात ह्यांनी मला विचारले होते, “सिस्टर, माझा शेवट काय आहे?” असे मला रुग्णांनी खूपदा विचारलेले आहे, पण त्या दिवशी मी परिचारिकेसारखे उत्तर दिले नाही. मी म्हटले, “घरी जायचंय. बाल्कनीत बसायचंय. नात होणार, मांडीवर येणार, ती तुमचा चष्मा ओढणार.” हे डोळे मिटून ऐकत होते. मध्येच म्हणाले, “मग पुढे?” मी सांगत राहिले, तिला शाळेत घातली, तिची उंची भिंतीवर लिहिली. हे म्हणाले, “छान आहे.” तेव्हा मला वाटले, फसले. आता कळते की हा उद्योग जन्मभर ज्याने केला त्याला मी काय फसवणार. ह्यांना सगळे माहीत होते. बाबा काहीच न कळता अंधारात गेले हे जे ताईच्या मनात बसले आहे ते तिने काढून टाकावे.

तरी सिनेमांची वर्गणी दोघांना मिळून देत आहे. पासवर्ड मी बदलला आहे. पहिला अर्धा मुलाला मिळेल, दुसरा मुलीला, म्हणजे एकाला दुसऱ्याला फोन करावाच लागेल. दोघांनी नावाड्याचा सिनेमा या खोलीत बसून पाहावा. मध्यंतराला थांबवून मुलाने बाबा सांगायचे तो शेवट सांगावा, तो वर लिहिला आहे. मग मुलीसाठी पुढचा भाग लावावा, तिला खरे पाहायचे असते. कोणता बरा यावर भांडण झाले तर व्हावे. पण एका खोलीत व्हावे.

कलम सहावे आणि शेवटचे. हे मृत्यूनंतरचे नाही, म्हणून इथे बसत नाही असे वकीलबाईंचे मत आहे. त्यांचा मान राखून मी याची एक नक्कल आजच मुलीकडे पाठवत आहे.

काल माझे रिपोर्ट आले. मुलगा डॉक्टरांच्या खोलीत गेला आणि मला बाहेर बसवले. बाहेर येऊन म्हणाला, “काही नाही आई, नुसती सूज आहे. गोळ्यांनी जाईल.” पाकीट त्याने माझ्याकडेच धरायला दिले आणि गाडी काढायला गेला. आयुष्यभर रिपोर्ट वाचलेल्या बाईच्या हातात रिपोर्ट देऊन जाणारा हा जगातला एकच माणूस. मी वाचला. गोळ्यांनी जाणारे ते नाही.

मुलीला आज संध्याकाळी मी स्वतः फोन करून सारे खरे सांगणार आहे. तिला निघता येईल तेव्हा तिने निघावे, या वेळी वेळ आहे. मुलाने मला जे सांगितले ते मात्र मी मोडणार नाही आणि तिनेही मोडू नये. गेल्या वेळी त्याने हे ओझे एकट्याने उचलले, वडिलांपुढे हसला, बहिणीला फोनवर हसून दाखवले, आणि कोणी त्याला विचारले नाही की तुझे काय. काल बोलताना त्याचा उजवा हात गाडीची किल्ली घट्ट आवळून होता. मला धरता आला नाही, धरला असता तर मला कळले आहे हे त्याला कळले असते. ताई, तो हात तू धर.

सही: सिस्टर

साक्षीदार पहिले: शिंपीकाका, खालचा मजला. सिस्टरांनी हे सर्व माझ्यासमोर वाचून, मान्य करून सही केली. मिठाबद्दलचे मला मान्य नाही.

साक्षीदार दुसऱ्या: वॉर्डाच्या मेट्रन. सिस्टर पूर्ण शुद्धीत आहेत. नेहमीच होत्या.

ठिकाण: माझे राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल.
वार व वेळ: बुधवार, दुपारची. मुलगा औषधे आणायला गेला आहे.